तबकडीवरचे आमेन

ओडील गस्पारकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले ते एका लहान मुलाच्या अंत्यविधीत. न्यू ऑर्लिन्सच्या शाळेत रुजू होऊन मला महिनाही झाला नव्हता आणि चार ओळखी व्हाव्यात म्हणून मी आमच्या काळ्या लोकांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जाऊ लागले होते. पांढरी चिमुकली शवपेटी दोन खुर्च्यांवर ठेवली होती. पुढच्या बाकांवर बायका रडत होत्या आणि त्यांतली मुलाची आई कोणती हे मी शोधत होते. शेवटी जी सर्वांत मोठ्याने रडत होती तीच आई असणार, असे मी ठरवून टाकले.

पायपेटी वाजवणारी बाई मात्र रडत नव्हती. सडपातळ, ताठ पाठीची, काळी टोपी घातलेली. गीत संपले की ती क्षणभर थांबे आणि मग 'आमेन'चे दोन भरलेले सूर लावी. दुसऱ्या सुराला तिचा डावा हात उजव्याच्या किंचित मागून येई. दार लोटून घ्यावे आणि मग सावकाश कडी लावावी, तसा.

विधी संपल्यावर तिने पायपेटीचे झाकण लावले, उठली, आणि सरळ जाऊन त्या पांढऱ्या पेटीवर कपाळ टेकले.

"तीच आई," शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली. "तेओ. सात वर्षांचा होता. घटसर्पानं गेला."

"आणि तिनंच वाजवलं?"

"मग दुसरं कोण वाजवणार? तू?"

पुढे त्याच वर्षी मी तिच्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहायला गेले. आमच्याकडची जोडघरे असतात तसे घर: मधे एक फळ्यांची भिंत, समोर दोघींच्या वेगळ्या पायऱ्या. नवरा बोटीवर कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. ती लोकांचे शर्ट इस्त्री करी, मुलांना पियानो शिकवी आणि रविवारी चर्चमध्ये वाजवी. बोलणे मोजके. पण विनोद कळायचा. मी पहिल्या सोमवारी गावच्या रिवाजाप्रमाणे लाल घेवडा शिजवला तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "टीचर, घेवडा जळतोय की शाळेला आग लागलीय?"

तिला आयुष्यात काय हवे होते ते तिने मला एकदा साधेपणाने सांगितले होते. आमच्या गावात हातभर खणले की पाणी लागते, म्हणून माणसांना जमिनीवर बांधलेल्या थडग्यांत ठेवतात. गरिबाला स्वतःचे थडगे परवडत नाही, त्यासाठी मंडळे असतात. चर्चमधल्या बायकांचे मंडळ होते, 'बेथानीच्या कन्या'. त्यांचे विटांचे मोठे थडगे होते, त्यात ओळीने कप्पे. तेओ त्यातल्या एका कप्प्यात होता. मंडळाच्या बाईला आणि तिच्या मुलाबाळांनाच तिथे जागा मिळे.

"बाकी मला काही नको," ओडील पायऱ्यांवर बसून वाटाणे सोलत म्हणाली होती. "मेल्यावर त्याच्याजवळ ठेवलं की झालं. अंधाराला फार भ्यायचा गं तो."

कॉर्नेट हे तुतारीसारखे पितळी वाद्य वाजवणारा ऑगस्ट लाबा आमच्या समोर राहत असे. दिवसा छपरे दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये बँड घेऊन वाजवायचा. हे जे संगीत पुढे जॅझ म्हणून जगभर गेले ते तेव्हा आमच्या चर्चच्या लेखी दारूच्या दुकानातली घाण होते. चर्चचा माणूस त्या हॉलच्या दारात दिसला तरी रविवारी त्याच्यासाठी नाव न घेता प्रार्थना होई, आणि नाव सगळ्यांना कळे. ओडील लाबाशी रस्त्यात बोलतसुद्धा नसे. पण उन्हाळ्यात खिडक्या लावून, पियानोवर रजई टाकून ती काय वाजवते, हे भिंतीपलीकडून मला ऐकू येई. ते गीतांच्या पुस्तकातले नव्हते. त्यात तिचा डावा हात घोड्यासारखा धावे.

लाबालाही ते ऐकू येत असणार. एका वसंतात तो टोपी हातात घेऊन आमच्या पायऱ्यांशी आला.

"शेजारीणबाई, एक अडचण आहे."

"छप्पर गळत नाहीये माझं," ओडील म्हणाली.

"छपराचं नाही. उत्तरेकडून एक ग्रामोफोन कंपनी आलीय. फर्निचरच्या गोदामात वर यंत्र लावलंय. आमच्या बँडच्या दोन तबकड्या काढणार. पण त्यांचं एक नवं गाणं आहे, छापील. ते वाजवलंच पाहिजे म्हणतात. आमच्यात कागद वाचणारा एकही गाढव नाही."

"म्हणून गाढवीण शोधायला आलात?"

लाबा इतका हसला की त्याला खोकला आला. मग हळूच म्हणाला, "तबकडीवर फक्त बँडचं नाव असतं. वाजवणाऱ्याचं नाव नसतं. कुणाला कळणार? मागचं दार, मागचा जिना. एका दुपारचं काम."

ती नाही म्हणाली. तो गेला. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा तरी रजई काढून वाजवावंसं वाटतं गं, टीचर."

दुसऱ्या दिवशी तिने लाबाला होकार कळवला. ईस्टरची सुट्टी होती. एकटी बाई पुरुषांबरोबर गेली असे नको, म्हणून तिने मला सोबत नेले.

गोदामाच्या वरच्या मजल्यावर भिंतींवर गोधड्या ठोकल्या होत्या, खिडक्या बंद, आणि मेणाच्या जाड तबकड्या मऊ राहाव्यात म्हणून एका कपाटात दिवा पेटवलेला. उकाड्याने जीव जात होता. भिंतीतून एक मोठा पत्र्याचा भोंगा बाहेर आला होता. त्याच्यासमोर वाजवायचे आणि पलीकडच्या खोलीत सुई मेणावर ते कोरून घ्यायची. पियानो खोक्यांवर चढवून त्याच्या मागच्या फळ्या काढल्या होत्या. ढोलवाल्याला ढोल आणू दिला नव्हता, ढोलाने सुई उडते म्हणे. त्याच्या हातात लाकडाचा एक ठोकळा दिला होता. आणि लाबाचा कॉर्नेट इतका जोरकस, की त्याला पार जिन्याच्या दारात उभे केले होते.

"आणखी थोडं मागं गेलो तर घरी जेवून येतो," लाबा म्हणाला.

कंपनीचा माणूस गोरा होता. ओडील तेव्हा पस्तिशीची, पण तो तिला "ए पोरी" म्हणायचा. "ए पोरी, भोंग्याकडे बघ. दिवा लागला की सुरू. संपलं की हलायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही, मी सुई उचलेपर्यंत."

पहिल्या मेणात ट्राँबोन या वाद्याची पुढेमागे सरकणारी नळी भोंग्यावर आपटली. दुसऱ्यात कुणीतरी शिंकले. आता एकच मेण उरले होते आणि त्या माणसाला गाडी गाठायची होती. दिवा लागला. ते वाजवू लागले. मला संगीतातले फार कळत नाही, पण ओडीलची पाठ मी तशी कधी पाहिली नव्हती. ताठपणा गेला होता. ती डुलत होती, मान हलवत होती, आणि तिच्या डाव्या हातावर सगळा बँड पाण्यावर लाकूड तरंगावे तसा तरंगत होता.

गाणे ठरल्यापेक्षा जरा लवकर संपले. दिवा अजून लागलेला. कुणी हलले नाही. सुई फिरत होती आणि त्या शांततेत ओडीलचे हात वर आले. पंधरा वर्षे दर रविवारी गाणे संपल्यावर जी शांतता येई तीच ही शांतता होती. तिच्या हातांना दुसरी माहीत नव्हती. तिने आमेनचे दोन सूर लावले, डावा हात किंचित मागून.

दिवा विझला. ढोलवाला खदखदून हसला. त्याला वाटले, तिने मुद्दाम गंमत केली.

ओडीलने आपल्या हातांकडे पाहिले. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"साहेब," ती त्या माणसाला म्हणाली, "ते पुसून टाका. शेवटचं तेवढं. चुकून झालं."

"चुकून? सगळ्यांत छान तेच आहे! लोक हसून हसून मरतील."

"साहेब, परत एकदा वाजवते. फुकट वाजवते."

"मेण संपलं, पोरी."

तिने त्याच्या कोटाची बाही धरली. आमच्या गावात त्या काळी आमच्या रंगाच्या बाईने गोऱ्या माणसाची बाही धरणे म्हणजे काय, ते लाबाला कळत होते. त्याने धावत येऊन तिचा हात सोडवला आणि "माफ करा साहेब, उकाड्यानं झालंय," असे म्हणत तिला जिन्याकडे नेले.

तबकडी यायला उन्हाळा उजाडला. तोवरचे महिने ती दर रविवारी वाजवत होती, पण गीत संपले की तिची बोटे घाबरल्यासारखी होत. एकदा आमेन राहूनच गेले आणि मंडळी उभीच राहिली.

तबकडी आली ती वाद्यांच्या दुकानात. दुकानदाराने ग्रामोफोन दारात आणून ठेवला होता, गिऱ्हाईक जमावे म्हणून. शनिवारी मंडळाच्या बायका बैठक आटोपून त्याच रस्त्याने घरी निघाल्या होत्या. पुढे सिस्टर रोझाबेल टॉलिव्हर, मंडळाच्या अध्यक्ष. चर्चमध्ये आम्ही प्रत्येक बाईला सिस्टर म्हणत असू, पण त्यांना म्हणताना आवाज आपोआप खाली येई. वाईट बाई नव्हती. घटसर्पाच्या दिवसांत तेओच्या उशाशी रात्री काढल्या त्या याच बाईने. त्या संगीताकडे दुर्लक्ष करून त्या पुढे गेल्या होत्या. मग आमेन ऐकू आले आणि त्या थांबल्या.

मी मागेच होते. त्या दुकानदाराला म्हणाल्या, "परत लाव."

"आवडलं का, मावशी?"

"परत लाव म्हटलं ना."

त्यांनी ते तीनदा ऐकले. बघे हसत होते. एक जण शेवटच्या सुराला हात जोडून, डोळे फिरवून पाळकाची नक्कल करू लागला. सिस्टर टॉलिव्हरच्या डोळ्यांत पाणी आले. "हा डावा हात मी ओळखते," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला याच हातानं निरोप दिलाय."

पाळक रेव्हरंड ग्रिग्ज म्हातारे आणि सौम्य होते. भांडणाचा त्यांना त्रास होई. त्यांनी ओडीलला आधी घरी बोलावले. परत येऊन तिने मला सगळे सांगितले.

"ते म्हणतात, नाचाचं संगीत वाजवलं ही चूक झाली, ती माफ होईल. पण आमेनचं काय? मी म्हटलं, माझ्या हातांनी आपोआप वाजवलं. ते म्हणाले, 'ओडील, आपोआप आमेन कुणी म्हणत नाही. मंडळी यावर विश्वास ठेवणार नाही. वर खोटं बोललीस म्हणतील.' "

"मग?"

"म्हणाले, सरळ कबूल कर. थट्टा केली म्हण, पश्चात्ताप झाला म्हण. पश्चात्तापाला दार उघडं असतं. पायपेटी सोडावी लागेल, वर्षभर मागच्या बाकावर बसावं लागेल. पण मंडळीत राहशील."

"पण तू थट्टा केली नाहीस."

"मी मंडळीतून बाहेर पडले तर मंडळातूनही पडले, तेओपासून बाहेर पडले, टीचर." तिने एप्रनच्या टोकाने टेबल पुसले, जिथे काहीच सांडले नव्हते. "देवाला खरं माहीत आहे. माणसांना जे हवं ते देते."

बुधवारच्या प्रार्थनेनंतर मंडळी बसून राहिली. आधी मी उठले आणि सांगितले की मी त्या खोलीत होते, तिने जाणूनबुजून केलेले नाही, ते पुसायला तिने हात जोडले होते.

"टीचर," सिस्टर टॉलिव्हर शांतपणे म्हणाल्या, "शाळेत पोरगं फळ्यावर तुमचं चित्र काढतं आणि म्हणतं, खडूनं आपोआप काढलं. तुम्ही काय करता?"

लोक हसले. मी खाली बसले.

मग ओडील उठली. तिने बाकाची कड धरली होती. "मी नाचाच्या बँडबरोबर वाजवलं," ती म्हणाली. "आणि आमेन थट्टेनं वाजवलं. मला पश्चात्ताप होतोय. क्षमा करा."

रेव्हरंड ग्रिग्ज यांचा चेहरा सुटका झाल्यासारखा झाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मंडळीने हात वर करून क्षमा दिली. काही जणींनी तिला मिठीही मारली. मला वाटले, संपले.

पण 'बेथानीच्या कन्या' हे मंडळ मंडळीहून वेगळे होते. मंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी चर्चच्या मागच्या खोलीत भरली आणि तिथे पाळकालाही मत नव्हते. मी मंडळात नव्हते, बाहेर अंजिराच्या झाडाखाली थांबले. खिडकी उघडी होती.

"नियम साधा आहे," सिस्टर टॉलिव्हरचा आवाज आला. "प्रभूच्या नावाची थट्टा करणारी बाई मंडळात राहत नाही. मला वाटत होतं तू नाकारशील, ओडील. नाकारलं असतंस तर सिद्ध काय करणार होतो आम्ही? तबकडीवर नाव नाही. मी तर प्रार्थना करत होते की तू नाकारावंस. पण तू स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस."

"मला तसं सांगायला सांगितलं," ओडील म्हणाली.

"कुणी?"

पाळकाचे नाव घेतले असते तर म्हाताऱ्याची शोभा झाली असती, आणि कुणी विश्वासही ठेवला नसता.

"मग काल खोटं बोललीस की आज?" दुसरी एक जण म्हणाली.

"रोझाबेल," ओडीलने त्यांना सिस्टर म्हटले नाही, "माझं पोरगं आहे आत."

मग खुर्च्या सरकल्या. तिला काढण्याच्या बाजूने त्यांनी उभे राहून मत दिले. सिस्टर टॉलिव्हर सर्वांत शेवटी उभ्या राहिल्या, पण राहिल्या.

त्यानंतर आठवड्याने ओडील त्यांच्या घरी गेली. मी बरोबर होते. तिने मागणे मागितले, की तेओला तरी तिला द्यावे. ती कुठेतरी भाड्याचा कप्पा घेईल आणि त्याला तिथे नेईल.

सिस्टर टॉलिव्हरनी आम्हाला बसवले, कॉफी दिली. मग ओडीलचा हात हातात घेतला. आमच्याकडची रीत अशी की वर्ष-दीड वर्ष उलटले आणि दुसरे माणूस गेले की कप्पा उघडतात, जुनी हाडे मागे लोटून थडग्याच्या तळच्या कोरड्या विहिरीत सोडतात आणि नवी पेटी आत ठेवतात. थडग्याखालची ती विहीर सगळ्यांची एकच असते. ओडीललाही ही रीत ठाऊक होती. पण आपल्या मुलाच्या बाबतीत कुणी ती धरत नाही.

"मागच्या हिवाळ्यात सिस्टर पेनीला तिथं ठेवलं, तुला सांगायचा धीर झाला नाही," सिस्टर टॉलिव्हर म्हणाल्या. "तेओ खाली आहे गं, सगळ्यांबरोबर. उघडून देते मी, नियम मोडून देते. पण त्यातली कुठली हाडं त्याची ते तू मला सांगशील का?"

ओडीलने हात सोडवून घेतला नाही. कॉफी पूर्ण प्यायली, कप बशीत नीट ठेवला. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "एकटा नाहीये, हे एक बरं."

चर्चमध्ये ती त्यानंतर आली नाही. क्षमा मिळालेली असूनही. त्याच हिवाळ्यात ती लाबाच्या बँडमध्ये पियानोवर बसली, रजईशिवाय. तळ्याकाठच्या हॉलमध्ये आणि नदीवरच्या सहलीच्या बोटींवर ती बरीच वर्षे वाजवत होती. मी दोनदा ऐकायला गेले. तिच्यासारखे वाजवणारे फार नव्हते, असे जाणकार म्हणतात. गाणे संपले की ती हात पटकन मांडीवर घेई आणि घट्ट धरून ठेवी. बोटीवरच्या लोकांना तो तिचा ढंग वाटे आणि ते टाळ्या वाजवत.

पण त्या तबकडीने तिला सोडले नाही. उत्तरेकडे ती बरीच खपली म्हणे, शेवटच्या थट्टेसाठीच. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडे, "आमेन वाजव, बाई, आमेन!" लाबा त्यांना दरडावून गप्प करी. पुढे मंदी आली, हॉल बंद पडले, बोटींवर यंत्राचे संगीत आले. लाबा कामाच्या शोधात शिकागोला गेला आणि तिथल्या थंडीत न्यूमोनियाने वारला. ओडील पुन्हा शर्टांकडे वळली, या वेळी एका मोठ्या लाँड्रीत, वाफेच्या यंत्रावर. तिथे तिच्या डाव्या हाताची तीन बोटे भाजून आखडली. तिने मला ते सांगितले ते आठवडाभराने, आणि तेसुद्धा मी विचारले म्हणून.

सिस्टर टॉलिव्हर गेल्या, रेव्हरंड ग्रिग्ज गेले. तरुण मुलींनी अंत्यविधीच्या खर्चासाठी विम्याच्या कंपन्या धरल्या आणि मंडळ आपोआप मोडले. मागच्या वर्षी मी त्या थडग्याकडे गेले होते. विटांतून नेचे उगवले आहेत आणि दोन कप्प्यांच्या संगमरवरी फळ्या फुटल्या आहेत. आता तिथे कुणालाच ठेवत नाहीत. हे मी ओडीलला सांगितले तेव्हा तिने मान हलवली आणि माझ्या बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी केली.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर मंगळवारी तिला भेटायला जाते. ती वृद्धाश्रमात तळमजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर असते. उजव्या डोळ्याने दिसते, डाव्याने नाही. त्या आश्रमाची स्वतःची दफनभूमी नदीपलीकडे, गावाच्या अल्जीयर्स भागात आहे, तिथे तिची जागा ठरली आहे.